फातिमा : एका नावाचा प्रवास

हजेरी घेताना 'फातिमा' म्हटले की माझ्या वर्गात तीन मुली एकदम 'हाजिर' म्हणतात. नावाचा अर्थ विचारला, तर तिघीही गप्प.

अरबीत 'फतम' म्हणजे मुलाचे अंगावरचे दूध तोडणे. त्यावरून फातिमा. इस्लामपूर्व अरबस्तानातही हे नाव होते. हजरत अलींच्या आईचे नाव हेच. पण ते जगभर गेले पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या कन्येमुळे. इ.स. ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत सत्तेवर आलेले आणि ९६९ मध्ये कैरो वसवणारे फातिमी खलिफा स्वतःला त्यांचेच वंशज म्हणवीत. तुर्कस्तानात या नावाचे फात्मा झाले, पश्चिम आफ्रिकेत फातुमाता. एके काळी मुस्लिम अमलाखाली असलेल्या पोर्तुगालात फातिमा नावाचे गाव आहे. १९१७ मध्ये तेथे तीन गुराखी मुलांनी मरियममातेचे दर्शन झाल्याचे सांगितले. तेव्हापासून कॅथलिक घरांतही हे नाव रुळले.

आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुल्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात एक फातिमा भेटते. आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाईंना तिच्यावर पडणाऱ्या ताणाची काळजी वाटते.

दूध तुटते तेव्हा मूल रडते, पण त्यानंतरच ते स्वतःच्या हाताने जेवू लागते. आपण मात्र सातवी झाली की फातिमाची शाळाच तोडतो. मग ती स्वतःच्या पायावर उभी राहणार कधी? नाव ठेवणाऱ्या प्रत्येक आईबापाने याचा विचार करावा.