शिकागो, १९७९ : महापौरांना खरोखर बर्फाने पाडले का?

२७ फेब्रुवारी १९७९. शिकागो शहरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीची, मतमोजणी संपली तेव्हा विद्यमान महापौर मायकेल बिलँडिक हरले होते. आठ लाखांहून अधिक मते पडली होती आणि फरक होता १७ हजारांपेक्षाही कमी मतांचा. त्यांना हरवणाऱ्या जेन बर्न या त्यांच्याच प्रशासनातील अधिकारी. सव्वा वर्षापूर्वी बिलँडिक यांनीच त्यांना पदावरून दूर केले होते.

या पराभवाचे कारण शिकागोत आजही एका शब्दात सांगतात : बर्फ. ही कथा खोटी नाही, पण अर्धीच आहे.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांच्या मतांवर ठरतो आणि कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. शिकागोचा महापौर थेट मतदार निवडतात आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. रस्त्यावरचा बर्फ हटला नाही, तर बोट दाखवायला त्याच्यापाशी दुसरे कोणी नसते. शिवाय १९३१ नंतर या शहरात रिपब्लिकन महापौर झालेलाच नव्हता. त्यामुळे डेमोक्रॅटिक प्रायमरी हीच खरी निवडणूक होती; एप्रिलमधले मतदान बहुधा उपचारापुरते उरे.

आणि ही प्रायमरी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराने हरणे जवळजवळ अशक्य मानले जाई, कारण त्याच्यामागे शिकागोत ‘मशीन’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा उभी असे. रिचर्ड जे. डेली यांनी १९५५ ते १९७६ अशी एकवीस वर्षे ती चालवली. शहराचे ५० वॉर्ड, प्रत्येक वॉर्डात अनेक मतदानकेंद्रे, आणि प्रत्येक केंद्रावर एक ‘प्रिसिंक्ट कॅप्टन’. हा कॅप्टन बहुधा पालिकेच्या किंवा काउंटीच्या नोकरीत असे. आपल्या गल्लीतील मते त्याने गोळा करून द्यायची, बदल्यात त्याची नोकरी टिकायची. तुंबलेले गटार, मोडलेला पदपथ, पोराला उन्हाळी काम, साऱ्यांचा रस्ता त्याच्याच दारावरून जाई.

या यंत्रणेचा सर्वांत भरवशाचा आधार होता दक्षिण आणि पश्चिम शिकागोतील कृष्णवर्णीय वॉर्ड. १९६३ च्या निवडणुकीत श्वेतवर्णीय मतदारांत डेली मागे पडले होते. त्यांना तारले ते कृष्णवर्णीय मतांनी. या निष्ठेचा मोबदला मात्र तुटपुंजा मिळाला. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत येऊन राहिले आणि घरांच्या बाबतीतील वर्णभेदाविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा डेलींनी आश्वासने दिली आणि वेळ मारून नेली. १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर दंगल उसळली; जाळपोळ करणाऱ्यांना ठार मारण्यासाठी गोळ्या झाडायला हव्या होत्या, असे डेली उघडपणे म्हणाले. डिसेंबर १९६९ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या पहाटेच्या छाप्यात मारला गेला. ज्यांच्या कार्यालयाने हा छापा घातला ते सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यंत्रणेचेच. १९७२ मध्ये त्यांना पाडण्यात कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी राल्फ मेटकाफ यांनी पोलिसी अत्याचारांवरून डेलींशी उघड फारकत घेतली. मेटकाफ म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधले पदकविजेते धावपटू, नंतर खासदार, आणि तोवर यंत्रणेचे निष्ठावंत. अशी माणसेही बाजूला होऊ लागली होती. भिंतीला तडा गेला होता, आणि तो बर्फाच्या कितीतरी आधीचा होता.

२० डिसेंबर १९७६ रोजी डेली पदावर असतानाच वारले. नगरसभेचे हंगामी अध्यक्ष विल्सन फ्रॉस्ट कृष्णवर्णीय होते. प्रभारी महापौरपद आपल्याकडे येते, असे त्यांचे म्हणणे होते. ते महापौरांच्या दालनाकडे गेले तेव्हा दार बंद होते, आणि किल्ल्या सापडत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले. काही दिवसांच्या वाटाघाटींनंतर नगरसभेने बिलँडिक यांना प्रभारी नेमले; फ्रॉस्ट यांच्या पदरात वित्त समितीचे अध्यक्षपद पडले. बिलँडिक हे डेलींच्याच अकराव्या वॉर्डाचे नगरसेवक, सौम्य स्वभावाचे वकील. पोटनिवडणूक लढवणार नाही, असे सांगून ते खुर्चीवर बसले आणि १९७७ मध्ये लढलेच. त्या प्रायमरीत हॅरॉल्ड वॉशिंग्टन नावाच्या एका कृष्णवर्णीय आमदाराला जेमतेम ११ टक्के मते मिळाली. हे नाव लक्षात ठेवावे.

जेन बर्न यांना पालिकेच्या ग्राहक संरक्षण खात्यावर आणले होते डेलींनीच, १९६८ मध्ये. नोव्हेंबर १९७७ मध्ये त्यांनी आरोप केला की टॅक्सी-भाडेवाढीत बिलँडिक यांनी कंपन्यांशी संगनमत केले. बिलँडिक यांनी आरोप फेटाळला आणि बर्न यांना काढून टाकले. पुढे बर्न यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा कोणी ती फारशी मनावर घेतली नाही. पक्षयंत्रणा, पैसा, वॉर्डांची कुमक, सारेच समोरच्या बाजूला होते.

मग हिवाळा आला. ३१ डिसेंबरच्या हिमवर्षावाचा बर्फ रस्त्यांवर तसाच होता. त्यावर १३ व १४ जानेवारीला सुमारे २० इंचांची भर पडली. जमिनीवरचा थर २९ इंचांवर गेला. ओ’हेअर विमानतळ बंद पडला, गल्ल्यांतून कचरा साचला. शाळांची वाहनतळे मोकळी केली आहेत, गाड्या तेथे हलवा, असे महापौरांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. लोक गाड्या घेऊन गेले तर तेथेही बर्फच. त्यातच उघड झाले की बर्फ हटवण्याच्या नियोजनाचे ९०,००० डॉलरचे कंत्राट एका माजी उपमहापौराला मिळाले होते. संकटात लोक अपुरी साधने सहन करतात. समोर दिसणारी गोष्ट अधिकारी नाकारतात, ते मात्र सहन करत नाहीत.

पण निवडणुकीच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली गोष्ट रेल्वेत घडली. बर्फाने गाड्यांच्या मोटारी निकामी होत होत्या, डबे अपुरे पडत होते. वाहतूक प्राधिकरणाने लेक–डॅन रायन मार्गावरील काही स्थानके गाळून गाड्या थेट पुढे नेण्याचे ठरवले. कागदावर हा वेळापत्रकाचा निर्णय होता. पण गाळलेली स्थानके मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांतली होती. दूरच्या प्रवाशांनी भरलेली गाडी न थांबता समोरून निघून जाते आणि आपण कडाक्याच्या थंडीत फलाटावर उभे, हे दृश्य समजायला कोणत्याही नेत्याच्या भाषणाची गरज नव्हती. एकवीस वर्षे यंत्रणेने ज्यांना गृहीत धरले होते, त्यांना ते गृहीत धरणे आता रोज सकाळी डोळ्यांनी दिसत होते.

बर्न यांच्या प्रचाराची धुरा होती डॉन रोझ यांच्याकडे. १९६६ मध्ये किंग यांच्या शिकागो मोहिमेची प्रसिद्धी त्यांनी सांभाळली होती. हा योगायोग लहान नाही. बर्फात उभ्या असलेल्या बर्न दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत झळकल्या. बिलँडिक चुका कबूल करण्याऐवजी टीकाकारांवरच रुसले. मतदानाच्या दिवशी सरोवरकाठचे उदारमतवादी वॉर्ड बर्न यांच्या बाजूने गेले आणि बहुतेक कृष्णवर्णीय वॉर्डही. सरोवरकाठची नाराजी जुनीच होती आणि यंत्रणा ती पचवून जिंकत आली होती. तिला भोवले ते या दुसऱ्या वॉर्डांचे जाणे. एप्रिलमध्ये बर्न ८२ टक्के मतांनी निवडून आल्या. शहराच्या त्या पहिल्या महिला महापौर.

पण यंत्रणेविरुद्ध लढून आलेल्या बर्न यांनी थोड्याच काळात एडवर्ड व्हर्डोलियॅक यांच्यासारख्या, प्रचारात ज्यांना त्यांनी लक्ष्य केले होते त्याच नेत्यांशी जुळवून घेतले. १९८१ मध्ये कॅब्रिनी-ग्रीन या गरीब सरकारी वसाहतीत त्या काही आठवडे राहायला गेल्या, याची वाहवा झाली. पण १९८२ मध्ये सरकारी घरांच्या प्राधिकरणावर कृष्णवर्णीय सदस्यांच्या जागी श्वेतवर्णीय नेमले जाताच संताप उसळला. त्या उन्हाळ्यात शहराच्या संगीत महोत्सवावर बहिष्कार पडला, आणि पाठोपाठ कृष्णवर्णीय मतदारांच्या नोंदणीची मोठी मोहीम उभी राहिली. एक लाखाहून अधिक नवी नावे यादीत आली.

फेब्रुवारी १९८३ मध्ये दुबळ्या विद्यमान महापौर होत्या खुद्द बर्न. डेलींचा मुलगाही रिंगणात होता. श्वेतवर्णीय मते दोघांत विभागली गेली, आणि सुमारे ३६ टक्के मतांवर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी प्रायमरी जिंकली. रिपब्लिकन उमेदवाराला एरवी कोणी विचारत नसे, पण या वेळी हजारो डेमोक्रॅट त्याच्याकडे वळले. तरीही १२ एप्रिलला वॉशिंग्टन निसटत्या बहुमताने शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. नव्या नगरसभेतील ५० पैकी २९ नगरसेवक पहिल्यापासून त्यांच्या विरोधात एकवटले. नेतृत्व व्हर्डोलियॅक यांचे होते.