किल्ली कुणी कुणाला दिली?

डेटाबेसमध्ये कुणाला काय बघता येतं, काय बदलता येतं, हे तपासणं माझ्या कामाचा भाग. काम तसं कंटाळवाणंच, पण त्यामागची गोष्ट मला फार आवडते.

१९७० साली कॉडने माहिती तक्त्यांत मांडायची कल्पना सुचवली. पुढे आयबीएमच्या सॅन होजेतल्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात प्रश्न आला: समजा तक्ता माझा, हक्क मी तुम्हाला दिला, तुम्ही तो तिसऱ्याला दिलात. आता मी तुमचा काढून घेतला तर तिसऱ्याचं काय? १९७६ साली पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी उत्तर दिलं. प्रत्येक 'ग्रँट' कुणी, कुणाला, केव्हा दिला याची नोंद ठेवायची. 'रिव्होक' केला की केवळ त्याच्याच आधारावर दिलेले पुढचे हक्कही जातात. १९७८ मध्ये रोनाल्ड फेगिनने त्या पद्धतीतली एक चूक दाखवून सुधारली.

गंमत म्हणजे या नोंदीही तक्त्यातच! म्हणून तर साध्या 'सिलेक्ट'ने हक्क तपासता येतात. पण कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं नाव तिथे दिसलं की वाटतं... यंत्राला हक्क देणारा आठवतो, देण्यामागचं कारण नाही. ते आपणच अधूनमधून विचारायला हवं, नाही का?