क्लाउडमधील कामवाटप: उत्क्रांतीय अल्गोरिदम कुठे चालतो, कुठे अडतो

20 कामे 5 यंत्रांवर वाटायची, तर पर्याय होतात सुमारे 95 लाख कोटी. सेकंदाला दहा लाख पर्याय तपासले तरी तीन वर्षे जातील. क्लाउडमध्ये तर यंत्रेच हजारोंनी असतात. त्यामुळे सर्वोत्तमाचा हट्ट सोडून पुरेसे चांगले वाटप शोधावे लागते.

सर्वांत साधी रीत अशी: मोठे काम आधी घ्या आणि सर्वांत कमी भार असलेल्या यंत्राला द्या. एकसारख्या यंत्रांवर ही रीत किमान शक्य वेळेच्या चार-तृतीयांशापेक्षा जास्त वेळ कधीच घेत नाही, हे रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1969 मध्ये सिद्ध केले. तरीही ती कधी कधी अडकतेच. 3, 3, 2, 2, 2 मिनिटांची कामे क आणि ख या यंत्रांवर वाटली, की उत्तर येते कखकखक (प्रत्येक अक्षर म्हणजे त्या क्रमाचे काम ज्या यंत्राला गेले ते यंत्र). यात क ला 7 मिनिटे लागतात, ख ला 5. कोणतेही एकच काम हलवून 7 चे 6 होत नाहीत.

जॉन हॉलंड यांनी 1975 च्या ग्रंथात मांडलेल्या उत्क्रांतीय पद्धतीत ही अक्षरमाळ म्हणजेच गुणसूत्र. समजा, खखकखक आणि खखखकक ही दोन वाटपे संचात आहेत. दोन्हींना 8 मिनिटे लागतात, म्हणजे दोन्ही आधीच्यापेक्षा वाईट. पहिल्याची तीन आणि दुसऱ्याची शेवटची दोन अक्षरे जोडली, म्हणजे त्यांचा संकर केला, की खखककक मिळते: दोन्ही यंत्रांना 6 मिनिटे, याहून कमी शक्यच नाही. वाईट उत्तरे लगेच फेकून न देण्यात या पद्धतीचे खरे बळ आहे. (अर्थात, असा संकर जुळून येईलच याची हमी नाही.)

वेळ आणि भाडे दोन्ही सांभाळायचे असेल, तर आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब व सहकाऱ्यांनी घडवलेला एनएसजीए-2 हा उत्क्रांतीय अल्गोरिदम एका उत्तराऐवजी तडजोडींचा संच देतो.

या सर्व पद्धतींची अडचण गृहीतकात आहे. कामाला किती वेळ लागेल हे इथे आधी ठाऊक असावे लागते. रात्रीच्या ठरावीक हिशेबांना ते जमते. क्षणाक्षणाला येणाऱ्या विनंत्यांना नाही. क्लाउडमधील कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचा मूळ शेड्यूलर म्हणूनच अपात्र यंत्रे गाळतो, उरलेल्यांना गुण देतो आणि मोकळा होतो.

नव्या अल्गोरिदमची तुलना केवळ 'पहिला आला त्याला पहिले' या रीतीशी केलेली असेल, तर त्या विजयाला फारशी किंमत देऊ नये. आधी ग्रॅहमच्या रीतीला हरवून दाखवा.