वलगणीचे मासे
मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणातील नदी-ओढ्यांचे मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत अंडी घालण्यास येतात. रायगड-ठाण्यात त्यांना ‘वलगणीचे’, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘चढणीचे’ मासे म्हणतात. रात्री उथळ पाण्यात बॅटरीच्या उजेडात मासा दिसताच कोयत्याचा वार केला जातो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. म्हणून नेम किंचित खाली धरावा लागतो. पाणी अचानक वाढत असल्याने ओढ्याची माहिती असलेला जाणकार सोबत असणे आवश्यक ठरते. मात्र गाबोळीने भरलेली मादी मारली गेल्यास पुढची पिढीच नष्ट होते. प्रजननकाळ म्हणून जून-जुलैत समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते; ओढ्याकाठी मात्र ग्रामस्थांचा संयमच माशांना तारू शकतो.