फौजदाराचा शब्द आणि त्याचे सेवापुस्तक

परभणीच्या विशेष न्यायालयात गांजाचा खटला उभा राहतो, तेव्हा मुद्देमालाइतकेच वजन जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दाला असते. पंच अनेकदा फितूर होतात. उरते ती पोलिसांची साक्ष. ती विश्वसनीय वाटली, तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. गांजा २० किलोंहून अधिक असेल, तर किमान १० वर्षे. मग या अधिकाऱ्यावर पूर्वी खोट्या पंचनाम्याबद्दल खातेनिहाय कारवाई झाली होती का, हे अपिलात आरोपीला कळू शकते का?

प्रश्नाचे मूळ जुने आहे. कबुलीसाठी होणाऱ्या छळाची नोंद मद्रास इलाख्यातील चौकशी आयोगाने १८५५ साली केली. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलिसासमोरची कबुली बाद ठरवली. गंमत अशी की, त्याच कायद्याचे कलम ११४ शासकीय कामे रीतसर झाली, असे गृहीत धरण्याची मुभा देत होते. (परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, हा केंद्रीय कायदा इथे लागू झाला १९५१ साली.)

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने तोल आणखी झुकवला. कलम ३५ आणि ५४ अन्वये काही बाबतींत निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच येतो.

२०१२ साली दार जवळजवळ बंद झाले, तेही अमली पदार्थांच्या खटल्यात नव्हे. गिरीश देशपांडे प्रकरण अकोल्यात काम केलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या एका अधिकाऱ्याविषयी होते. मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा ही ‘वैयक्तिक माहिती’ असून व्यापक जनहित दाखवल्याशिवाय माहितीच्या अधिकारात मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. माझ्या मते, ज्याच्या एका शब्दावर दुसऱ्याची दहा वर्षे जातात, त्याला हा निकष जसाच्या तसा लावणे चूक आहे.

न्यायालयामार्फत वाट आहे. दस्तऐवज मागवण्याचे कलम ९१ आणि अपिलात नवा पुरावा घेण्याचे कलम ३९१. नव्या संहितेत ९४ आणि ४३२. अडचण एवढीच की, कागद मागवायचा तर तो अस्तित्वात आहे, हे आधी ठाऊक हवे. कॅलिफोर्नियात १९७४ च्या पिचेस निकालानंतर १९७८ साली यासाठी कायदाच झाला: न्यायाधीश फाईल बंद दालनात स्वतः वाचतो आणि संबंधित तेवढा भाग बचाव पक्षाला देतो.

परभणीचे अपील औरंगाबाद खंडपीठापुढे जाते, तेव्हा सोबत पंचनामा जातो, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल जातो, साक्षी जातात. सेवापुस्तक मात्र पोलीस खात्याच्या कपाटातच राहते.