हिमलोट आणि राखलेले रान

स्वित्झर्लंडच्या ऊरी प्रांतात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, आंडरमॅट नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या माथ्यावरील उभ्या उतारावर सूचिपर्णी वृक्षांचे एक त्रिकोणी रान दिसते. १३९७ साली त्या खोऱ्यातील रहिवाशांनी करारपत्र लिहून या रानातील लाकूड तोडण्यास सर्वांना मनाई केली. कोकणात व गोव्यात देवराईतील काडी कोणी उचलीत नाही, ती देवाच्या धाकाने. आंडरमॅटकरांनी मात्र रान राखले ते हिमलोटाच्या धाकाने. दाट झाडांचे बुंधे बर्फाला जागच्या जागी धरून ठेवतात व लोट सुटू देत नाहीत, हे ते अनुभवाने जाणत होते. जर्मन नाटककार शिलर याने १८०४ सालच्या ‘विल्यम टेल’ या नाटकात, अशा झाडावर घाव घातला तर त्यातून रक्त वाहते, ही लोकसमजूत गुंफली आहे.

परंतु रान सर्वत्र राखले गेले नाही, आणि वृक्षरेषेच्या वर तर ते उगवतच नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात शासनाने या प्रश्नात लक्ष घातले. १८७६ साली स्वित्झर्लंडमध्ये वनसंरक्षणाचा कायदा झाला, आणि वनाधिकारी योहान कोआत्स याने १८८१ साली हिमलोटांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३६ साली दाव्होसच्या माथ्यावर, वाइसफ्लूयोख येथे, एका झोपडीत शास्त्रज्ञांनी बर्फाचा अभ्यास आरंभिला.

त्यांना दिसले ते असे, की बर्फाचा थर ही डोंगराची रोजनिशीच होय. निरभ्र, कडाक्याच्या थंडीत खालचे कण साखरेसारखे भुसभुशीत होतात व एकमेकांना धरीत नाहीत. पुढे वादळ येते. वारा नवे बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचतो व त्याची जड लादी बनते. दुबळ्या थरावर हा भार पडला, की एखाद्या ठिकाणी तडा जातो. तो क्षणार्धात दूरवर धावतो आणि सारी लादी घसरते. संकट वादळासरशी कोसळते खरे, पण त्याची तयारी कित्येक आठवडे आधी शांतपणे झालेली असते.

ज्ञान वाढले तरी संहार एकदम थांबला नाही. १९५१ च्या जानेवारीत आल्प्समध्ये प्रचंड हिमवर्षाव झाला. २० जानेवारीला आंडरमॅटवरच अनेक लोट आदळून तेरा माणसे दगावली. त्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये अठ्ठ्याण्णव जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर उतारांवर पोलादी अडसर उभारले गेले, धोक्याचे नकाशे झाले, घरे कोठे बांधू नयेत हे ठरले. १९९९ च्या फेब्रुवारीत तशीच भीषण वादळे आली, तेव्हा तेथील बळींची संख्या सतरा होती.

आज मात्र धोक्याचे रूप पालटले आहे. पूर्वी हिमलोट गावावर येई. आता माणूसच हिमलोटाकडे जातो. आखलेल्या मार्गांपलीकडे, निर्जन उतारांवर स्कीने हिंडणाऱ्यांपैकी जे दगावतात, त्यांतील बहुतेकांवरचा लोट त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुटलेला असतो. तीस अंशांहून अधिक उभा उतार, ताजे बर्फ व नुकतेच ओसरलेले वादळ यांचा मेळ सर्वांत घातक. आणि नेमके तेव्हाच आकाश निळे होऊन बर्फ मोहक दिसते. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्याने मावळते.

भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. १९६९ साली मनाली येथे हिमशास्त्राची संस्था स्थापन झाली. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवरील एका चौकीतील दहा जवान हिमलोटाने हिरावून नेले. जवानाला कर्तव्य सोडून मागे फिरता येत नाही. हौशी प्रवाशाला ते येते. सूचनाफलक, उपकरणे व शास्त्र यांच्यापुढे शेवटचा निर्णय त्याच्या पावलावरच राहतो. सहाशे वर्षांपूर्वी थंडीत सरपणाची निकड असतानाही आंडरमॅटच्या ग्रामस्थांनी कुऱ्हाड आवरली. तेवढाच आवर आज शिखराच्या ओढीला घालणे, हे त्यांच्याकडून शिकण्याजोगे आहे.