पाणपक्षी, बंदूक आणि बांध

उरणच्या खाडीकाठी बदकावर बार टाकणाऱ्याने काठापासून किती दूर आणि झाडोऱ्यापासून किती जवळ असावे? जुन्या कायद्यांत याचे उत्तर शोधू गेले, तर अंतराचे मापच सापडत नाही. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत बदके, बगळे, खंड्या आहेत. पण बंधन काळाचे. सरकारने बंदीचा काळ जाहीर करावा, त्या काळात मारू नये, पकडू नये, विकू नये. काठ, चिखल यांचा उल्लेखही नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मूळ कलम १७ जास्त बोलके आहे. आजच्या छापील प्रतींत त्या जागी नुसते ‘वगळले’ एवढेच दिसते, म्हणून जुनी प्रतच हवी. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नको. यांत्रिक वाहनातून नको, मग ते जमिनीवरचे असो वा पाण्यावरचे. म्हणजे इंजिनाची होडी बाद, वल्ह्याची नाही, असा माझा अर्थ. शिकारीसाठी झाडोरा पेटवू नये. खासगी जमिनीत मालकाची किंवा कसणाऱ्याची संमती हवी. उरणपुरते बोलायचे तर खार कसणाऱ्या आगऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या बांधावर बंदूक नको. पाणवठ्यावरच्या शिकारीला मनाई होती, पण पाणपक्षी त्यातून वगळले होते. कुत्र्याची मदत घेण्याची बंदीही त्यांना लागू नव्हती. कारण उघड आहे: बदक पाण्यावरच सापडणार आणि पडलेले बदक चिखलातून आणायला कुत्राच लागणार. कलम लिहिणाऱ्याला शिकाऱ्याच्या सवयी नीट ठाऊक होत्या.

२ ऑक्टोबर १९९१ पासून हे कलम गेले, परवान्याची हौशी शिकार संपली. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला किनारा नियमनाची अधिसूचना निघाली होती. मीटर आले ते तिथे, भरतीरेषेपासून ५००, आणि तेही बांधकामासाठी. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांभोवती (खारफुटीभोवती) ५० मीटरांत बांधकामाला मनाई केली.

उरणात खरी अडचण रेषेची. इथली पुष्कळ जमीन खारबंदिस्तीची, बांध आणि उघाड्यांची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांची. २०१९ ची अधिसूचना म्हणते की १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध असेल तर भरतीरेषा बांधावरच थांबेल. आत खारे पाणी शिरून तिवरे उगवली असतील, तर तेवढा भाग मात्र कडक संरक्षणात. हा अपवाद तिवरांपुरता आहे, उघड्या चिखलाला नाही. आणि तुतारी, चिखल्या यांसारखे पक्षी चरतात ते उघड्या चिखलात.

मग २०१७ चे पाणथळ नियम पाहावेत, तर त्यांनी मीठ पिकवण्यासाठी बांधलेली पाणस्थळे व्याख्येबाहेर ठेवली आहेत. उरणमधल्या पाणजे, भेंडखळच्या नकाशावर २००५ चा आदेश, २०१९ ची अधिसूचना आणि २०१७ चे नियम हे तीन कागद एकमेकांवर ठेवले, तर बांधाआडचा तिवरांविना चिखल कोणत्या कलमात बसतो, हे प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे ठरवावे लागते.